हलवाहलवीआधी एकदा मोजून घ्या : जुनी संग्रहालये सांभाळणाऱ्या विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य
(ज्या ज्या विद्यापीठाकडे जुने वस्तुसंग्रहालय आहे, त्या सर्वांना)

स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या जुन्या संग्रहालयाची फाइल आपल्या टेबलावर येते ती बहुधा तीनपैकी एका कारणाने. छत गळते आहे, वर्गांना जागा पुरत नाही, किंवा वर्धापन वर्षानिमित्त नूतनीकरण करायचे आहे. कारण कोणतेही असो, ठरावात एक वाक्य हमखास असते : ‘वस्तू तूर्त अन्यत्र हलवाव्यात.’ हे पत्र त्या ‘तूर्त’बद्दल आहे. संग्रहालयांचे जे नुकसान आम्हाला कामात पुन्हा पुन्हा दिसते, त्यातले फार थोडे आग, पूर किंवा चोरीने झालेले असते. बाकीचे अशा तात्पुरत्या हलवाहलवीत होते आणि ते कळायला वीस वर्षे लागतात.

आमचे मागणे छोटे आहे. वस्तू, तिच्यावरचा क्रमांक आणि नोंदवहीतली तिची ओळ, या तिघांची गाठ शाबूत आहे की नाही हे तपासल्याशिवाय एकही कपाट जागचे हलवू नका.

ही तपासणी कुलगुरूंनी करायची असते, हे आम्ही नव्याने सांगत नाही. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय 1683 साली उघडले. त्याचा गाभा होता ट्रेडस्कंट या माळीकाम करणाऱ्या बापलेकांनी जमवलेला संग्रह. तो एलियास ॲशमोल या संग्राहकाकडे आला, धाकट्या ट्रेडस्कंटच्या विधवेशी त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि अखेर बारा गाड्या भरून माल ऑक्सफर्डात पोहोचला. तीन मजली इमारत : वर वस्तू, मध्ये व्याख्यानाचे दालन, तळघरात रसायनशाळा. ॲशमोलने 1686 साली नियम घालून दिले. त्यांनुसार दरवर्षी संग्रहाची तपासणी करायला जे येत, त्यांत पहिले नाव कुलगुरूंचे होते. सोबत क्राइस्ट चर्चचे डीन, ब्रेझनोज कॉलेजचे प्राचार्य, वैद्यकाचे राजनियुक्त प्राध्यापक आणि दोन प्रॉक्टर (विद्यापीठाचे शिस्त-अधिकारी). संग्रहाचे भाग पाडून या तपासनिसांच्या नावे वेगवेगळ्या याद्या केलेल्या होत्या, त्यांतली एक थेट कुलगुरूंच्या नावाची. म्हणजे कुलगुरूंनी हातात वही घेऊन वस्तू मोजायची पद्धत सव्वातीनशे वर्षांहून जुनी आहे. आज फीत कापायला बोलावतात, एवढाच फरक.

याच नियमांत एक कलम होते : एखादी वस्तू जुनी होऊन नासू लागली तर ती काढून आतल्या खोलीत ठेवावी आणि तिच्या जागी दुसरी बसवावी. कलम वाचायला सरळ आहे. 1755 च्या तपासणीत ते भुसा भरलेल्या एका पक्ष्याला लागू झाले. पक्षी कुजला होता, काढून टाकला गेला. डोके आणि एक पाय तेवढे ठेवले. तो डोडो होता, आता नामशेष झालेला. पक्षी जाळायला टाकला आणि कोणीतरी आगीत हात घालून डोके वाचवले, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण तिला आधार नाही. खरा प्रकार त्याहून साधा आहे : तपासनीस आले, त्यांनी नियम पाळला, निर्लेखन झाले.

आज डोडोची कातडी, म्हणजे हाडांखेरीजचा मऊ भाग, जगात फक्त त्या डोक्यावर आणि पायावर उरला आहे. पायातून मिळालेल्या डीएनएवरून 2002 मध्ये कळले की डोडोचा सर्वांत जवळचा हयात नातलग निकोबारी कबूतर आहे. 2018 मध्ये वॉरिक विद्यापीठात डोक्याचे सीटी स्कॅन झाले, तेव्हा कवटीत आणि मानेत शिशाचे छर्रे दिसले. तोवर सर्वसाधारण समज असा की हा पक्षी लंडनमध्ये जिवंत दाखवत असलेलाच असावा. छर्ऱ्यांनी ती समजूत डळमळीत केली. पक्षी ट्रेडस्कंटकडे कुठून, कसा आला याची ओळ कुठेच लिहिलेली नाही. 1656 च्या छापील यादीत तो मॉरिशसचा आहे आणि इतका मोठा की उडू शकत नाही, एवढेच आहे. सीटी स्कॅन छर्रे दाखवते, पक्षी कोणी आणून दिला ते दाखवत नाही.

ॲशमोलियनमधल्याच दोन वस्तू शेजारी ठेवून पाहा. आल्फ्रेड ज्वेल हे राजा आल्फ्रेडचे मानले जाणारे रत्नाभूषण 1693 मध्ये सॉमरसेटच्या एका शेतात सापडले आणि 1718 मध्ये विद्यापीठाला मिळाले. सोने, मीनाकारी आणि स्फटिक, लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर. त्याच्या कडेवर जुन्या इंग्रजीत जाळीदार अक्षरे आहेत : ‘आल्फ्रेडने मला घडवून घेतले.’ ही वस्तू स्वतःची चिठ्ठी अंगावर घेऊन आली. दुसरी वस्तू हरणांच्या कातड्यांचा, शंखांच्या मण्यांनी भरलेला मोठा पट. 1656 च्या यादीत त्याला व्हर्जिनियाचा राजा पोहाटन याचा पोशाख म्हटले आहे. तो पोशाख होता की नाही यावर आजही वाद आहे, पण वाद घालता येतो तो त्या एका ओळीमुळे. ओळ नसती तर ती ‘कातडे, शिंपले लावलेले, एक नग’ झाली असती. आपल्या संग्रहातल्या बहुतेक वस्तू आल्फ्रेड ज्वेलसारख्या बोलक्या नाहीत, या पटासारख्या मुक्या आहेत.

ओळ चुकली तर काय होते त्याचाही नमुना आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रँट संग्रहालय 1828 च्या सुमारास प्राणिशास्त्र शिकवण्यासाठी उभे राहिले. तिथे झेब्र्याचे म्हणून दोन सांगाडे होते. 1970 च्या दशकात नीट तपासल्यावर दोन्ही झेब्र्याचे नाहीत असे निघाले. एक गाढवाचा होता. दुसरा क्वाग्गा या झेब्र्याच्या भाईबंदाचा, ज्याचा शेवटचा प्राणी 1883 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. क्वाग्गाचे सांगाडे जगात सातच आहेत. मधल्या काळात कोणी ‘झेब्रा दोन आहेत, एक काढा’ असा शेरा मारला असता तर कोणता गेला असता, सांगता येत नाही.

हा शेरा मारायला आपल्याकडे स्वतंत्र यंत्रणाच असते, म्हणून हे लिहितो आहोत. संग्रहालयातल्या वस्तू बऱ्याच ठिकाणी पंखे, खुर्च्या, बीकर यांच्यासोबत डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेल्या आहेत. तिथे रकाने ठरलेले : वर्णन, नग, किंमत, शेरा. ‘काचपेटी लाकडी, पक्ष्यासह, 1 नग.’ दहा-पंधरा वर्षांनी निर्लेखन समिती येते, पेटीची काच फुटलेली पाहते आणि पेटी बाद करते, पक्ष्यासह. यात कोणाची लबाडी नसते, रजिस्टर चुकीचे असते. संग्रहालयाच्या वस्तूंना दाखल नोंदवही वेगळी हवी आणि त्या वहीतल्या वस्तूंवर डेडस्टॉकचे निर्लेखनाचे नियम लागू नाहीत, असा लेखी ठराव हवा. या पत्रातली सर्वांत स्वस्त सूचना हीच.

आता प्रत्यक्ष कपाटाकडे येऊ. भूशास्त्र विभागाचा एक जुना खण उघडला की आत पुठ्ठ्याचे छोटे ट्रे असतात. एका ट्रेमध्ये अमोनाइट या शंखासारख्या समुद्री जीवाचा जीवाश्म, मूठभर आकाराचा. त्यावर पांढऱ्या रंगाचा लहानसा पट्टा आणि पट्ट्यावर काळ्या शाईने 417. मागच्या बाजूला गोल चिकटपट्टी, तिच्यावर 62. ट्रेच्या तळाशी चौघडी करून ठेवलेली तपकिरी चिठ्ठी, टाकाने लिहिलेली, तिच्यात गावाचे जुने नाव आणि थराचा उल्लेख. वर एक टंकलिखित चिठ्ठी, तिच्यात फक्त ‘अमोनाइट’. साफसफाई करणारा माणूस चौघांतली सर्वांत नवी आणि स्वच्छ चिठ्ठी ठेवतो आणि बाकीच्या काढतो. नेमकी तीच निरुपयोगी असते. 417 मूळ नोंदवहीत नेतो, 62 एखाद्या प्राध्यापकाच्या अभ्यासयादीत किंवा जुन्या प्रदर्शनात, आणि तपकिरी चिठ्ठी हा ज्याने दगड उचलला त्याचा शब्द असतो. जीवाश्म ज्या थरातून आला तो थर कळला नाही तर त्याचे शास्त्रीय मोल जवळपास संपते. म्हणून नियम असा : जुना क्रमांक खोडायचा नाही, जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी जोडायची ती त्यांच्यासोबत.

नोंदी संगणकावर चढवताना बहुतेक गोंधळ पहिल्या आठवड्यातच होतो, तोही चांगल्या हेतूने. ‘जुना क्रमांक’ असा एकच रकाना करतात आणि त्यात तिन्ही क्रमांक कोंबतात. प्रत्येक क्रमांकमालिकेला वेगळा रकाना द्या. जुन्या गावाचे स्पेलिंग ‘दुरुस्त’ करून टाकतात. मूळ लिहिले असेल तसे एका रकान्यात, आजचे नाव दुसऱ्यात. वस्तूवर क्रमांकच सापडत नाही तेव्हा वहीतली बेवारशी ओळ पाहून ‘हीच असेल’ म्हणून जोडून टाकतात. ही सर्वांत वाईट चूक, कारण यानंतर ती चूक आहे हेच कळायची सोय राहत नाही. क्रमांक नसलेल्या वस्तूला तात्पुरती मालिका द्या, समजा ‘ता-1, ता-2’, आणि ओळख पटेपर्यंत ती तशीच राहू द्या. मूळ नोंदवह्या 300 डीपीआयला तरी स्कॅन करा, प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा आणि मूळ वह्या ‘आता संगणकावर आहे’ म्हणून रद्दीत घालू नका. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा, खाडाखोड, शाईचा बदललेला रंग हे सगळे पुरावे असतात. सुवाच्य नक्कल करून घेतलेली वही त्यातले काहीच ठेवत नाही.

वस्तूवर क्रमांक घालायची रीत ठरलेली आहे. दगड, भाजलेली माती, धातू, हाड यांच्या टणक पृष्ठभागावर आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक रेझीनचा पातळ थर : 20 ग्रॅम रेझीन ॲसिटोनमध्ये विरघळवून एकूण 100 मिलिलिटर. तो वाळला की त्यावर रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक, तो वाळला की वरून आणखी एक थर. पुढे कधी काढायचा झाल्यास ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो. नेलपॉलिश वापरू नये : त्यातले सेल्युलोज नायट्रेट पिवळे पडते, पापुद्रा धरते आणि क्रमांकासकट गळून पडते. प्लास्टिकवर ॲसिटोन अजिबात नको, ते विरघळते. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून फीत दोन-चार टाक्यांनी शिवतात. कागदाला मागच्या बाजूने मऊ पेन्सिल, 2बी. सेलोटेप, स्टेपल, रबरबँड आणि व्हाइटनर खोलीतच येऊ देऊ नका.

इथे एक धोक्याची सूचना, कारण हे काम अनेकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांकडून करून घेतात. भुसा भरलेले जुने प्राणी आणि पक्षी सोमल लावलेले असतात. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकूर नावाच्या औषधविक्रेत्याने सोमलाचा साबण बनवला आणि कातड्याला आतून तो चोळायची पद्धत पुढे जगभर पसरली. विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत ती चालू होती. डोळ्यांभोवती, पंज्यांशी, पोटाच्या शिवणीवर पांढरी भुकटी दिसली तर सोमल समजा, आणि दिसली नाही तरी आहे असेच धरून चाला. हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) पानांना मर्क्युरिक क्लोराइड लावत, त्याचे करडे-काळे डाग कागदावर उमटलेले असतात. शिवाय डीडीटी, डांबराच्या गोळ्या. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, धूळ ओढायला हेपा फिल्टरचाच व्हॅक्यूम. घरगुती व्हॅक्यूम ती धूळ मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. आणि या कपाटांपाशी चहा नको.

वस्तू बिघडताना चिठ्ठीही सोबत नेते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पायराइट असलेले जीवाश्म दमट हवेत, साधारण 60 टक्क्यांवर आर्द्रता गेली की, ऑक्सिजनशी संयोग पावून गंधकाम्ल तयार करतात. पृष्ठभागावर पिवळी-पांढरी भुकटी येते, गंधकाचा वास येतो, आणि आम्ल सर्वांत आधी कागदाची चिठ्ठी आणि पुठ्ठ्याचा ट्रे खाते. जीवाश्माचे तुकडे उरतात, ओळख उरत नाही. अशा नगांची चिठ्ठी पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात वेगळी ठेवा आणि डबा सिलिका जेल घालून 45 टक्क्यांच्या खाली राखा. ओकच्या सुंदर जुन्या कपाटांत शंख-शिंपले असतील तर वेगळे दुखणे. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते, शंखाच्या चुन्याशी तिचा संयोग होऊन वर पांढरी बुरशीसारखी लव येते. 1899 मध्ये बाइन नावाच्या संग्राहकाने तिला जिवाणूंचा रोग मानले, म्हणून ‘बाइनचा रोग’ हे नाव चिकटले. रोग नाही, रसायन आहे, त्यामुळे जंतुनाशक फवारून काहीच होत नाही. त्याच खणातली शिशाची मुद्रा किंवा पदक पांढरे पडून भुगा होते. कांस्याच्या वस्तूवर फिकट हिरवे, मऊ, टोचले तर झडणारे ठिपके दिसले तर आत क्लोराइड आहे. ती वस्तू लगेच हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. जुना, घट्ट, गडद हिरवा थर मात्र निरोगी असतो, तो घासून ‘चकचकीत’ करणे म्हणजे वस्तू संपवणे.

प्राणिशास्त्राच्या बरण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे दरवर्षी न चुकता तीच चूक होते. अल्कोहोलमधला नमुना 70 टक्के इथेनॉलमध्ये असतो. झाकणातून अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते. म्हणजे बरणी अर्धी झाली की उरलेला द्राव 70 टक्क्यांचा नसतो, पातळ झालेला असतो. त्यावर 70 टक्क्यांचेच अल्कोहोल ओतत गेले की काही वर्षांत द्राव 50 च्या खाली येतो आणि नमुना सडू लागतो. आधी घनता मोजा, मग काय ओतायचे ते ठरवा. फारच उतरलेला असेल तर एकदम 70 नको, 30, 50, 70 अशा पायऱ्यांनी, नाहीतर पेशी आक्रसतात. फॉर्मालिनच्या बरणीत अल्कोहोल ओतणे ही दुसरी नेहमीची चूक. ‘10 टक्के फॉर्मालिन’ म्हणजे बाजारातले तीव्र फॉर्मालिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे फॉर्माल्डिहाइड सुमारे 4 टक्केच. ते तटस्थ केलेले नसेल तर हळूहळू आम्लधर्मी होते आणि माशाची हाडे, खेकड्याचे कवच विरघळवते. चिठ्ठी बरणीच्या आत हवी, सुती कागदावर, पेन्सिलीने किंवा कार्बनच्या शाईने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते आणि मग बरणीत निळसर पाणी आणि कोरा कागद राहतो. बाहेरची चिठ्ठी केव्हाच गळून पडलेली असते. 70 टक्के इथेनॉल साधारण 17 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकणारी वाफ देते, हे अग्निशमन विभागाला लेखी कळवा. तात्पुरत्या जागेत अशा बरण्यांशेजारी वायरिंगचे काम चालू देऊ नका.

आता कीड. कार्पेट बीटलची अळी केसाळ, दोन-चार मिलिमीटरची, तिच्या टाकलेल्या काती कपाटाच्या कोपऱ्यात सापडतात. ती केस, पिसे, लोकर आणि कीटकसंग्रहातले कीटक खाते. खोक्यात टाचणी आणि टाचणीखालची चिठ्ठी राहते, फुलपाखरू नसते. कपाटावर औषध फवारण्याऐवजी भिंतीलगत चिकट सापळे लावा आणि महिन्याला मोजा. लागण झालेली वस्तू पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा, उणे 30 अंशांना तीन दिवस किंवा उणे 20 ला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर थंड वस्तूवर पाणी जमते. तैलचित्रे, काच, लाख लावलेल्या वस्तू या उपायातून वगळा.

हलवायची वेळ आलीच तर वर्तमानपत्रात गुंडाळणे बंद करा. त्यात आम्ल असते आणि शाई उतरते. आम्लरहित टिश्यू आणि पॉलिथिन फोम वापरा. प्रत्येक खोक्याची यादी दोन प्रतींत, एक आत, एक वहीत. निघताना एक सही, पोहोचल्यावर मोजून दुसरी सही. टेम्पो कंत्राटदाराचा असला तरी मोजणी आपल्या माणसाने करायची. सगळ्याच वस्तू हलवण्याजोग्या नसतात. हार्वर्डमध्ये ब्लाश्का बापलेकांनी 1887 ते 1936 या काळात घडवलेली सुमारे 4,300 काचेची वनस्पती-प्रारूपे आहेत. काच, तार, सरस आणि रंग यांची ती जोडणी रस्त्याच्या धक्क्यांनीही सुटू शकते आणि पाण्याने पुसले तर रंग आणि सरस दोन्ही जातात. आपल्या प्राणिशास्त्र विभागातही काचेची, मेणाची किंवा कागदाच्या लगद्याची जुनी शिकवणीची प्रारूपे असतील. ती ‘मॉडेल’ म्हणून बाद करण्याआधी कोणी बनवली ते तळाशी पाहा.

पुसण्याचा विषय निघालाच आहे. 16 मे 1931 रोजी आइन्स्टाइनने ऑक्सफर्डमध्ये व्याख्यान देताना ज्या फळ्यावर विश्वाच्या वयाची आणि त्रिज्येची आकडेमोड केली, तो फळा तिथल्या विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयात आजही खडूसकट आहे. त्यासोबत आलेला दुसरा फळा साठवणीत असताना कोणीतरी स्वच्छ पुसला. पुसणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे काय चुकले? फळ्यावर चिठ्ठी हवी होती.

आता मूळ मुद्दा, तपासणी. पूर्ण मोजणीआधी छोटी चाचणी करा. नोंदवहीतून यादृच्छिक 100 ओळी निवडा आणि त्या वस्तू कपाटात शोधा. मग उलट : कपाटांतून डोळे मिटून 100 वस्तू उचला आणि त्यांच्या ओळी वहीत शोधा. पहिल्या दिशेने वस्तू हरवल्याचे कळते, दुसऱ्या दिशेने ओळख हरवल्याचे. दोन्ही आकडे वेगळे येतात आणि दुसरा सहसा जास्त वाईट असतो. इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साठवण-पुनर्रचना पद्धतीत एक चांगला निकष आहे : कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे आणि तिच्यापर्यंत पोहोचायला दोनहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. घड्याळ लावून पाहा.

पूर्ण मोजणीचा हिशेब अवघड नाही. दोघांची जोडी, एक वस्तू पाहतो आणि क्रमांक वाचतो, दुसरा नोंदवतो. फोटो, मोजपट्टी, रंगपट्टी आणि जागेचा संकेत (खोली-कपाट-फळी-खोके) यांसह दिवसाला 50 नग धरा. 20,000 नगांना 400 कामाचे दिवस, दोन जोड्या लावल्या तर 200. म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. ‘पंधरा दिवसांत यादी द्या’ असा आदेश निघाला तर यादी मिळते, मोजणी मिळत नाही. ही माणसे कायम हवीत असा आमचा आग्रह आहे. केंब्रिजला जॉन वुडवर्ड या भूशास्त्रज्ञाने 1728 मध्ये अक्रोडाच्या कपाटांसह आपले इंग्लंडमधले जीवाश्म-नमुने मृत्युपत्राने दिले तेव्हा सांभाळणारा अध्यापकही पगारासकट नेमून दिला (तो अविवाहित असावा अशीही अट होती, ती आपण सोडून देऊ). कपाटे, नमुने आणि याद्या आजही एकत्र आहेत.

नव्या दालनाबद्दल दोनच गोष्टी, कारण वास्तुविशारद बाकीचे सांगतीलच. प्रकाशाचे नुकसान साठत जाते. कापड, जलरंग, हर्बेरियम यांना 50 लक्सची (लक्स म्हणजे उजेडाचे माप) मर्यादा धरतात. दिवसाला 8 तास आणि वर्षाला 300 दिवस या हिशेबाने ते 1,20,000 लक्स-तास होतात. उद्घाटनासाठी 500 लक्सचे झगमगते दिवे लावले तर तेवढेच नुकसान 30 दिवसांत होते. दुसरे, कार्यालयीन वेळेत एसी चालू आणि रात्री बंद, ही व्यवस्था एसी नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. रोज सुकणे आणि रोज फुगणे यानेच लाकूड तडकते, रंगाचे पापुद्रे सुटतात. चोवीस तास चालवायचे वीजबिल परवडणार नसेल तर जाड भिंती, बंद काचपेट्या आणि त्यांत सिलिका जेल यांवर विसंबा. पेट्या एमडीएफच्या नकोत, त्यातूनही ओकसारखीच आम्लाची वाफ निघते.

मानवी अवशेष आणि दुसऱ्या समाजांकडून नेलेल्या पूजावस्तू आपल्या संग्रहात असतील तर त्यांची वेगळी यादी आधी करा. ऑक्सफर्डच्याच पिट रिव्हर्स संग्रहालयाने 2020 मध्ये माणसांची आकसवलेली मस्तके प्रदर्शनातून काढली. उद्या कोणी आपल्याकडे काही परत मागितले तर उत्तर नोंदवहीतूनच द्यावे लागेल. परत देताना सोमलाची तपासणी करून द्यावी, कारण तिकडे ती वस्तू कोणी हातात घेईल, अंगावर घालेल.

तेव्हा पुढच्या बैठकीत तीन ठराव घ्यावेत. संग्रहालयाच्या वस्तू डेडस्टॉकमधून वगळणे. शंभर-शंभरची चाचणी होऊन तिचा निकाल परिषदेसमोर येईपर्यंत हलवाहलवीची निविदा न काढणे. आणि वर्षातून एक दिवस कुलगुरूंनी स्वतः वही घेऊन एक कपाट तपासणे, कोणते ते त्याच सकाळी चिठ्ठी टाकून ठरवणे.

चाचणीच्या दिवशी लागणारे सामान : मूळ नोंदवही, 2बी पेन्सिली, नायट्राइल हातमोजे, मास्क, विजेरी, भिंग, मोजपट्टी, पॉलिस्टरची पाकिटे, फोटो काढायला फोन, आणि कपाटांच्या किल्ल्या. किल्ल्या आदल्या दिवशीच लावून पाहाव्यात.

कळावे,
आपले,
संग्रहांची नोंदणी आणि जतन यांचे काम करणारे काही जण